अवधाण म्हणजे वर चढलेलं विष नव्हे

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ‘विष वर चढलंय, चोळून जिरवा’ हे आमच्या परळच्या चाळीत अजूनही ऐकू येतं. परवा शेजारच्या काकू नातवाची गाठ गरम तेलाने चोळत होत्या. अंगठ्याची ठेच मात्र तशीच, तुंबलेल्या पाण्याच्या चिखलाने माखलेली. पोर कळवळत होतं. काकू, चोळू नका हो!

ती गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी, म्हणजेच लिम्फ नोड. अंगात अशा साधारण 500 ते 700 असतात. केशवाहिन्यांतून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून, पाझरलेला द्रव लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या तळाशी, मोठ्या शिरांत परत सोडतात. या द्रवाला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. चालताना आवळणारे स्नायू, श्वास आणि वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन तो पुढे ढकलतात; झडपा मागे येऊ देत नाहीत. वाटेत ग्रंथी तो गाळतात. जखमेतले जंतू तिथे पोचले, की त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. म्हणून गाठ सुजते, दुखते.

उपचार हवा तो जखमेवर. आधी साबणपाण्याने धुवा. ताप आला किंवा पायावर लाल रेघ वर सरकताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. न दुखणारी, कडक, दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी गाठही दाखवायलाच हवी.