कॅल्क्युलेटर घेऊन 'स्टार ट्रेक': तीन सीझन, चार गणितं

अवकाशयानाच्या सफरींवरच्या मूळ 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेचे तीन सीझन आणि ७९ भाग ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात अमेरिकेत दाखवले गेले. १९८०च्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवर ती लागायची, त्यामुळे आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या अनेकांना यानावरच्या स्पॉक या अधिकाऱ्याचे टोकदार कान आठवतात. गोष्टी माहीत असल्या की दुसऱ्यांदा बघताना पात्रांच्या तोंडचे आकडे ऐकू येऊ लागतात. ते लिहून घ्यावेत आणि तपासावेत. दहावीचं गणित पुरतं.

आधी टीव्हीची तयारी. मालिका ४:३ चौकटीत चित्रित झाली आहे. चित्र ताणून रुंद पडद्यावर बसवलं तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि गोल ग्रह अंडाकृती दिसतात. म्हणून चित्राचं प्रमाण 'ओरिजिनल'वर ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा, कारण सेकंदाला २४ चौकटींची फिल्म त्याने स्टुडिओतल्या व्हिडिओसारखी दिसते. २००६पासून आलेल्या सुधारित आवृत्तीत यान आणि ग्रह संगणकावर नव्याने केले आहेत. साठच्या दशकातली समज जोखायची असेल तर मूळ दृश्यांची आवृत्तीच निवडा. भाग निर्मितीच्या क्रमाने बघणं बरं. प्रसारणाच्या क्रमात दुसरा पायलट (मालिकेआधी चाचणीसाठी केलेला) भाग तिसरा येतो, मग मध्येच गणवेश आणि डॉक्टर बदललेले दिसतात आणि गोंधळ होतो. इमारतीतल्या चार-पाच घरांनी मिळून आठवड्याला दोन भाग बघितले तरी मालिका संपायला साधारण चाळीस आठवडे लागतील.

पहिल्या सीझनमधला 'द डेव्हिल इन द डार्क' (मार्च १९६७) हा भाग मला विज्ञानाच्या दृष्टीने संपूर्ण मालिकेत सर्वांत कसदार वाटतो. खाणीत खडक पोखरत फिरणारा प्राणी, 'होर्टा', कार्बनऐवजी सिलिकॉनचा बनलेला आहे. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या अगदी खाली बसतो आणि त्यालाही चार हात (इतर अणूंशी जोडणारे बंध) असतात, म्हणून कल्पना वेडगळ नाही. अडचण पुढे येते. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-सिलिकॉनला २२५च्या आसपास. म्हणजे लांब साखळ्या सहज तुटणार. शिवाय सिलिकॉनला ऑक्सिजन भेटला की तो त्यालाच घट्ट धरून बसतो. आपण श्वासातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकतो. सिलिकॉनच्या प्राण्याला त्या जागी सिलिका, म्हणजे घन वाळू, बाहेर टाकावी लागेल आणि ती वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान हवं.

याचा पुरावा आपल्या खिडकीतून दिसतो. कळवा-मुंब्र्यापासून बेलापूरकडे पसरलेला पारसिकचा डोंगर दख्खनच्या बेसॉल्टचा आहे आणि या खडकाचं जवळपास निम्मं वजन सिलिकाचं असतं. पृथ्वीच्या कवचात कार्बनच्या तुलनेत सिलिकॉनची अशी रेलचेल असूनही त्या डोंगरावरचं प्रत्येक झाड, प्रत्येक किडा कार्बनचाच. तरी लेखकाला दाद द्यायलाच हवी: जखमी होर्टावर यानाचा डॉक्टर मॅकॉय काँक्रीटचा लेप लावतो. सिमेंट मुख्यतः कॅल्शियमच्या सिलिकेटांचं असतं, तेव्हा सिलिकॉनच्या देहाला औषध रसायनशास्त्राला धरूनच आहे.

याच सीझनमधल्या 'टुमॉरो इज यस्टरडे'त (जानेवारी १९६७) रेडिओवरची बातमी सांगते की माणसाची पहिली चांद्रमोहीम बुधवारी निघणार आहे. अपोलो ११ उडालं १६ जुलै १९६९ला. वार बुधवार! हा निव्वळ योगायोग, पण ऐकताना अंगावर काटा येतो.

दुसऱ्या सीझनमध्ये गुणाकार आहे. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'मध्ये स्पॉक १७,७१,५६१ हा आकडा सांगतो. ट्रिबल म्हणजे केसाळ गोळ्यासारखा छोटा प्राणी. एका ट्रिबलला दर बारा तासांनी दहा पिल्लं, म्हणजे एकाचे अकरा. तीन दिवसांत सहा वेळा, म्हणून ११चा सहावा घात. उत्तर अचूक आहे. आणखी तीन दिवस हेच चाललं तर संख्या तीन लाख कोटींच्या वर जाते. प्रत्यक्षात अन्न आणि जागा आड येतात. उल्हास नदीतली जलपर्णी अनुकूल काळात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, पण पाणी झाकलं गेलं की तिचा वेग मंदावतोच.

'द इम्युनिटी सिंड्रोम'मधली एकपेशी अमीबा मात्र साफ हुकली आहे. लांबी ११,००० मैल, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाहून जास्त. पेशीत रेणू बहुतांशी विसरणाने (डिफ्यूजन), म्हणजे आपोआप इकडेतिकडे भरकटत, पसरतात आणि लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. पाण्यातल्या लहान रेणूला एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अंतर कापायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो, एक सेंटिमीटरला साधारण चौदा तास, एका मीटरला सोळा वर्षं. हजारो किलोमीटरचं काय होईल ते वाचकांनी स्वतः काढावं.

तिसऱ्या सीझनमध्ये पैसा कमी झाला आणि ते दिसतं. त्यात 'दॅट विच सर्व्हाइव्ह्ज' (जानेवारी १९६९) गणितासाठी सोडू नये. मालिकेत यानाचा वेग 'वॉर्प'मध्ये सांगतात. लेखकांना दिलेल्या मार्गदर्शिकेतला नियम असा: वॉर्पच्या आकड्याचा घन करायचा, तितक्या पट प्रकाशाचा वेग. वॉर्प ६ म्हणजे २१६ पट, त्यामुळे ४.३७ प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरीला ७.४ दिवस लागतील. घन करायचं विसरून नुसतं सहाने भागलं की २६६ दिवस येतात. ही चूक हमखास होते. या भागात एंटरप्राइझ हे मालिकेतलं यान ९९०.७ प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं आणि वॉर्प ८.४ने साडेअकरा तासांच्या आत परतणार असं सांगतात. ८.४चा घन सुमारे ५९३. त्या वेगाने वीस महिने लागतील. साडेअकरा तासांसाठी प्रकाशाच्या साडेसात लाख पट वेग हवा, म्हणजे मालिकेने आपलाच नियम हजार पटींहून जास्त मोडला.

हा घनाचा नियम १९८७ साली सुरू झालेल्या पुढच्या मालिकेला लावू नका. तिथे वॉर्प १० म्हणजे अनंत वेग धरला आहे आणि वॉर्प ९ म्हणजे ७२९ नव्हे, सुमारे १५१६ पट.