धर्मचर्चा (ग्रामीण विदर्भातील)

धर्मचर्चा : देव कोणाला म्हणावे, कोणते शास्त्र प्रमाण मानावे आणि मोक्ष कोणाच्या हातचा, या प्रश्नांवर भिन्न पंथांच्या व धर्मांच्या लोकांत होणारा तोंडी वाद आणि निरूपण. विदर्भातील खेड्यांत ही चर्चा मठात, कीर्तनात, सप्ताहाच्या मांडवात आणि पोथी संपल्यावर पारावर होत आली आहे. पंडितांच्या संस्कृत शास्त्रार्थात मध्यस्थ असे, जिंकणाऱ्याला जयपत्र असे. इथे दोन्ही नाहीत. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पारावर पुन्हा प्रश्न घेऊन येतो. ही चर्चा मराठीत चालते, आणि तिचे खरे वैशिष्ट्य हेच आहे.

‘चर्चा’ हा शब्द या अर्थाने जुना आहे. महानुभाव वाङ्मयात आद्य कवयित्री महदंबेला ‘चर्चक’ आणि ‘जिज्ञासक’ ही विशेषणे लावलेली आढळतात. सतत काही ना काही पुसत राहणारी, असा त्यांचा आशय. प्रश्न विचारणे हा दोष न मानता गुण मानला गेला, आणि तोही एका वृद्ध स्त्रीचा, ही गोष्ट तेराव्या शतकाच्या संदर्भात फार मोलाची आहे.

मोक्षविचार मराठीत मांडण्याचा आरंभ विदर्भात झाला का, हा वाद मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’शी बांधलेला आहे. या गुरुशिष्यसंवादात्मक अद्वैतग्रंथाचा काळ परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मानतात. मात्र शकाचा उल्लेख करणारी ओवी सर्व हस्तलिखितांत नाही आणि उपलब्ध पाठाची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटते. त्यामुळे काही अभ्यासक ग्रंथ बराच पुढे ओढतात. रचनास्थानाबद्दलही दोन पक्ष आहेत. एक पक्ष मराठवाड्यातील अंबेजोगाईचा. तेथे मुकुंदराजांची समाधी दाखवतात. दुसरा वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा. ग्रंथात ‘वैन्यागंगे’च्या तीरावरील अंबानगराचा निर्देश येतो. वैनगंगा अंबेजोगाईजवळून वाहत नाही, आंभोरा मात्र तिच्याच काठी वसलेले आहे, आणि मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांचे स्थानही तेथेच सांगतात. केवळ ओवीचा पुरावा पाहिला तर आंभोऱ्याचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. समाधी एकीकडे आणि रचना दुसरीकडे, असा मेळ घालण्यासही अडचण नाही.

ज्याच्यासाठी ग्रंथ रचला तो जैत्रपाळ कोण, हा या वादाचाच उपप्रश्न. काहींच्या मते तो यादव राजा होय. ग्रंथात दिलेली त्याची वंशावळ, नृसिंहाचा बल्लाळ आणि बल्लाळाचा जैत्रपाळ, यादवांच्या ज्ञात वंशक्रमाशी जुळत नाही. विदर्भातील अभ्यासक त्याला बैतूलजवळच्या खेरल्याचा राजा मानतात. खेरल्याच्या दंतकथेत हा राजा साधूंना देव दाखवण्याचे आव्हान देतो, न दाखवता आलेल्यांना कैदेत घालून राबवतो, आणि शेवटी मुकुंदराज त्यांची सुटका करतात. कथेला इतिहासाचा आधार नाही. तरी वादात हरलेल्याच्या वाट्याला काय येऊ शकते, याची लोकांना असलेली जाणीव तिच्यात टिकून राहिली आहे.

निश्चित भूमी लागते ती रिद्धपूरला (जि. अमरावती). महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे हे गाव. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, म्हणजे बहुधा १२७४ च्या सुमारास (काहींच्या मते १२७२), त्यांच्यामागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांसह शिष्यपरिवार येथे जमला. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी, म्हणजे चक्रधरांच्या चरित्रग्रंथासाठी, आठवणी गोळा केल्या त्या माणसामाणसाला विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. केशिराजबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, तसेच ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ही. केशिराजबासांचा कल संस्कृतात लिहिण्याकडे होता. तसे केल्यास माझ्या म्हाताऱ्या नागवतील (संस्कृत न कळणाऱ्या वृद्ध स्त्रिया वंचित राहतील), असे म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, असे ‘स्मृतिस्थळ’ हा महानुभाव ग्रंथ सांगतो. विदर्भातील धर्मचर्चा अनक्षर माणसालाही खुली राहिली, याचे मूळ या एका निर्णयात शोधावे लागते.

महानुभाव मताचा वादविषय थोडक्यात असा : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत. देवतांची संख्या एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा. त्या आपापले फळ देतात, पण ते फळ सरते. मोक्ष केवळ परमेश्वर देतो. म्हणजे खंडोबा, भवानी किंवा विठ्ठल यांना हे मत खोटे ठरवत नाही, त्यांच्या देण्याला मर्यादा घालते. समोरच्या भाविकाला ‘तुझा देव नाही’ यापेक्षा ‘तुझा देव तिथवर पोचवत नाही’ हे वाक्य अधिक झोंबते, आणि वाद तिथूनच पेटतो. ‘दृष्टांतपाठा’तील हत्ती आणि जात्यंधांची गोष्ट याच ठिकाणी कामी येते. कोणी पाय चाचपतो, कोणी सोंड. प्रत्येकाचे सांगणे अंशतः खरे, हत्ती मात्र डोळसालाच दिसतो. हल्ली ती सर्व धर्म सारखेच, हे सांगण्यासाठी वापरतात. महानुभावांना अभिप्रेत अर्थामध्ये डोळस माणूस गोष्टीबाहेर काढता येत नाही, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

गीता महानुभावांनाही प्रमाण आहे आणि वारकऱ्यांनाही. म्हणून गावातला वाद बहुतेक वेळा गीतेवरच येऊन ठेपतो. देवांना भजणारे देवांकडे जातात आणि मला भजणारे माझ्याकडे येतात, हा नवव्या अध्यायातील २५ वा श्लोक महानुभाव निरूपणाला थेट पोषक आहे. वारकरी निरूपणकार ज्ञानेश्वरीच्या आधारे सर्व रूपांत एकच पाहण्यावर भर देतात.

पंथाच्या आतही चर्चेची शिस्त काटेकोर होती. मूळ ‘लीळाचरित्र’ स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवले व स्मरणातून पुन्हा उभे केले, अशी परंपरा आहे. त्यामुळे पाठभेद झाले. त्यांना ‘वासना’ म्हणतात : ‘हिराइसा वासना’ ही हिराइसा या स्त्रीच्या स्मरणावरून आलेली. भिन्न आठवण खोडून न टाकता नावानिशी नोंदवण्याची ही पद्धत कोणत्याही पाठचिकित्सकाला आदर वाटावा अशी आहे. सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ सांगतो. प्रसंग सोडून सूत्राचा अर्थ लावता येत नाही. पुढे पोथ्या ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत गेल्या. पावित्र्य राखणे हा हेतू प्रामाणिक असावा, परंतु ग्रंथ न पाहता पंथावर आरोप करणाऱ्यांचे त्याने फावले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय बाहेर आले, वि. भि. कोलते यांनी त्याच्या संपादनाला आयुष्य दिले.

गावात पंथाला ‘जयकृष्णी’ म्हणतात. उपदेश घेतलेले कुटुंब इतर देवांचा नैवेद्य घेत नाही. त्यामुळे चर्चेचा कस पारापेक्षा सोयरिकीत आणि स्वयंपाकघरात लागतो : सासरचा कुळाचार करायचा की माहेरचा उपदेश पाळायचा, हा प्रश्न सुनेसमोर उभा राहतो.

अर्वाचीन काळात माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी विविध दर्शनांचा समन्वय मांडला. गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) कीर्तन हेच प्रश्नोत्तर होते. ते श्रोत्यांना विचारत आणि श्रोते मोठ्याने उत्तर देत. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीहून सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला. पवनारच्या विनोबांनी कुराणाचे व ख्रिस्ती धर्मवचनांचे सार काढले.

१९५६ नंतर वादाचा विषयच पालटला. १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारते. कीर्तनातल्या दशावतारांत बुद्धाला नववा म्हणणाऱ्याला समोरचा माणूस आता ठाम उत्तर देऊ लागला. डॉ. आंबेडकरांच्या मांडणीत बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. मोक्ष देणारा कोण, या रिद्धपुरातल्या जुन्या प्रश्नाला विदर्भाच्याच भूमीत मिळालेले हे सर्वांत मूलगामी उत्तर होय.

मेळघाटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती मिशनांनी तारणाचा विचार कोरकू आदिवासींपुढे ठेवला. कोरकूंकडे पोथी नाही. मृताच्या नावाने कोरीव लाकडी ‘मुंडा’ उभारतात, आणि तो विधी झाला म्हणजे माणूस पूर्वजांत जाऊन मिळाला असे मानतात.