आज्ञापालन आणि कर्मठपणा: सुंता एकच, निर्णय दोन

तीत आणि तीमथ्य हे येशूचा प्रेषित पौल याचे सहकारी, आणि सुंता ही यहुदी असल्याची खूण. तीताची सुंता पौलाने होऊ दिली नाही आणि तीमथ्याची मात्र पुढाकार घेऊन केली. तीत ग्रीक होता. त्याची सुंता व्हावी म्हणून काही जण यरुशलेमात मागे लागले, तेव्हा आपण घटकाभरही नमलो नाही, असे पौल गलतीकरांना लिहितो. तीमथ्याची आई यहुदी, वडील ग्रीक, आणि त्या भागातल्या यहुद्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्याला सोबत नेण्याआधी पौलाने त्याची सुंता केली. आणि हे कधी, तर विदेश्यांवर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर, सुंतेची सक्ती नाही हा यरुशलेमला भरलेल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या सभेचा निर्णय गावोगाव पोहोचवायला तो निघाला होता तेव्हा. ही सभा साधारण इसवी सन ४९ची.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा चक्क दुटप्पीपणा वाटला होता. पण दोन्हीकडे प्रश्नच वेगळा होता. तीताला सांगितले जात होते की एवढे केल्याशिवाय तू पुरता देवाचा नाहीस. तीमथ्याला असे कोणी म्हणत नव्हते. यहुद्यांमध्ये काम करताना अडथळा येऊ नये, एवढाच मुद्दा होता. तीच सुंता एकीकडे प्रवेशाची किंमत ठरत होती, दुसरीकडे कामाची सोय. किंमत म्हणून मागताच पौलाने हात आखडता घेतला.

आज्ञापालन आणि कर्मठपणा यांची गल्लत होते ती याच जागी. दोघांच्या दिवसाचे चित्र काढले तर एकसारखे दिसेल: प्रार्थना, दान, उपास, उपासनेला वेळेवर हजेरी. नियम किती पाळतो हे मोजून माणूस मोकळा की बांधलेला, ते कळायचे नाही.

लूकच्या शुभवर्तमानात १८व्या आणि १९व्या अध्यायांत दोन माणसांचे हिशेब जवळजवळ शेजारी आले आहेत. एक परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस. एका जकातदाराशेजारी मंदिरात प्रार्थना करताना तो सांगतो की आपण आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो. दुसरा जक्कय, लोकांनी पापी ठरवलेला मुख्य जकातदार. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो, वर कोणाला फसवून काही घेतले असेल तर चौपट परत करीन म्हणतो. स्वतःहून चूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा भरावा, एवढेच मोशेच्या नियमशास्त्राचे मागणे होते. नुसत्या पावत्या पाहिल्या तर जक्कयच जास्त कर्मठ ठरेल!

क्रम मात्र बघण्यासारखा आहे. येशू दिसावा म्हणून झाडावर चढलेल्या जक्कयाला येशूने खाली बोलावले आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे म्हणाला. लोकांनी कुरकुर केली. तोवर पैशाचा विषय कोणी काढलेला नव्हता. तो काढला जक्कयाने, आणि पाहुण्याने त्याला आपले म्हटल्यावर. परूशाच्या प्रार्थनेत देवाकडे मागणे एकही नाही. मागणार काय, सगळे त्याच्याकडे आहेच. शिवाय प्रार्थना करता करता त्याची नजर बाजूला जाते, मंदिरातल्या त्या दुसऱ्या जकातदाराकडे. आपली उंची मोजायला त्याला शेजारी कोणीतरी बुटका लागतो.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. वर्षभरात बायबल वाचून काढायचे म्हणून मी एक तक्ता केला होता. रोज तीन-चार अध्याय, वाचले की चौकोनात खूण. फेब्रुवारीत एक दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी सात अध्याय एका बैठकीत उरकले, त्यातले अर्धे डोळ्यांखालून नुसते सरकले, आणि खूण केल्यावर जीव भांड्यात पडला. तेव्हा वाचत होतो तो ग्रंथही नेमका ‘गणना’. सात अध्यायांतले एक वाक्य आठवत नव्हते, पण तक्ता भरलेला होता. वाचन वाईट नव्हते, तक्ताही नव्हता. देव आज माझ्यावर थोडा नाराज आहे आणि दोन खुणा केल्या की निवळेल, हा जो हिशेब मनात चालला होता तो कर्मठपणा. नेम चुकला की माणूस देवाकडे जातो की देवापासून तोंड लपवतो, यावरून मला स्वतःपुरते बरेच कळते.

याची जाणीव झालेले काही जण मग दुसऱ्या टोकाला पोहोचतात: कृपा आहे ना, मग वाटेल तसे वागा. हा आक्षेप नवा नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचे का, असे पौल रोमकरांच्या पत्रात स्वतःच विचारतो आणि लगेच झिडकारतो. इफिसकरांच्या पत्रातली ‘कृपेने, कर्मांनी नव्हे’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते. पण सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवले आहे, हे पुढचेच वाक्य फारसे कोणी म्हणत नाही. आणि एक मजा पाहिली आहे. ‘आम्ही असले काही पाळत नाही’ असे ज्या ऐटीत सांगितले जाते, ती ऐट थेट परूशाच्या घरची असते. रोमच्या ख्रिस्ती लोकांत काही जण सगळे खात, काही फक्त भाजीपाला. पौलाने न खाणाऱ्याला सांगितले, दोष लावू नको; खाणाऱ्याला सांगितले, तुच्छ मानू नको. स्वतःबद्दल तर तो करिंथकरांना लिहितो की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. हा नियम परूशाच्या उपासाहून कडक, पण तो त्याने भावाच्या मायेपोटी स्वतःवर घातलेला.

मग मंडळीने, म्हणजे चर्चने, नियम करायचेच नाहीत का? यरुशलेमच्या त्याच सभेने केले. सुंतेचे जू मानेवर ठेवायला नकार दिला, आणि विदेशी विश्वासणाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात चार गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म. मात्र त्याआधी येशूचा शिष्य पेत्र भर सभेत बोलून चुकला होता की त्यांचे आणि आपले तारण प्रभू येशूच्या कृपेनेच होते. पत्रातही ‘नाहीतर तारण नाही’ असा शब्द नाही. हे टाळाल तर बरे कराल, एवढ्यावर ते संपते. अंत्युखिया शहरात मंडळी जमवून ते वाचून दाखवले, तेव्हा लोकांना धीर आला आणि ते आनंदले, अशी नोंद लूकने केली आहे. चार नियमांसकट.