रॉ डिस्कची पुनर्जोडणी

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) एका होस्टवरून, म्हणजे तिला चालवणाऱ्या सर्व्हरवरून, दुसऱ्या होस्टवर हलवल्यावर, तिला सॅन (नेटवर्कवरच्या सामायिक) स्टोरेजवरून थेट दिलेला लन (स्टोरेजचा डिस्कसारखा वापरला जाणारा तुकडा) पुन्हा जोडून देण्याच्या कामाला रॉ डिस्कची पुनर्जोडणी म्हणतात. हे काम सर्वाधिक करावे लागते ते व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीस्फिअर या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीमध्ये. तिथे अशा डिस्कला रॉ डिव्हाइस मॅपिंग, थोडक्यात आरडीएम, असे नाव आहे.

एरवी व्हीएमची डिस्क म्हणजे डेटास्टोअर या होस्टच्या साठवणजागेवरची फाइल. मशीन हलली की तीही हलते. आरडीएमचे तसे नाही. डेटास्टोअरवर असते ती फक्त लनकडे बोट दाखवणारी मॅपिंग फाइल. फाइलींच्या यादीत ती लनएवढीच, अगदी 2 टीबीचीसुद्धा दिसते, पण प्रत्यक्षात जागा जवळजवळ घेत नाही. डेटा लनवरच असतो आणि स्थलांतरात तो जागचा हलत नाही. तुटते ते फक्त हे बोट दाखवणे, म्हणून डिस्क दिसेनाशी झाली तरी डेटा गेला असे धरून चालू नये.

आरडीएमचे दोन मोड आहेत. फिजिकल मोडमध्ये व्हीएमच्या जवळपास सगळ्या स्कझी (डिस्कशी बोलण्याच्या प्रमाणित) आज्ञा थेट स्टोरेजपर्यंत जातात, पण व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेता येत नाही. विंडोजचे फेलओव्हर क्लस्टर (एक सर्व्हर बंद पडला की दुसरा काम उचलतो असे गट) बहुतेक याच मोडवर चालतात. व्हर्च्युअल मोडमध्ये स्नॅपशॉट घेता येतो. मात्र या मोडची डिस्क दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवताना मूळ फॉरमॅट न ठेवता थिन (लागेल तशी जागा घेणारा) किंवा थिक (सगळी जागा आधीच घेणारा) निवडला, तर ती साध्या व्हीएमडीके (व्हीएमच्या नेहमीच्या डिस्क) फाइलमध्ये बदलते आणि सगळा डेटा कॉपी होऊ लागतो. अनेक टीबींच्या लनवर ही चूक महागात पडते.

खरे काम मशीन बंद करण्याआधीच सुरू होते. प्रत्येक लनचा 'एनएए'ने सुरू होणारा ओळखक्रमांक, मोड आणि स्कझी कंट्रोलरवरची जागा (उदाहरणार्थ 1:0) लिहून ठेवावी. एकाच आकाराचे चार लन असतील तर आकारावरून ओळख पटत नाही. एनएए क्रमांक हाच खरा आधार. मग मशीन बंद करून मॅपिंग काढायचे. इथे 'डिस्कवरून डिलीट करा' हा पर्याय पाहून हात थबकतो, पण आरडीएमच्या बाबतीत त्याने मॅपिंग फाइलच पुसली जाते, लनवरचा डेटा नाही.

नव्या होस्टना लन दिसण्यासाठी झोनिंग (सॅन नेटवर्कवर कोण कोणाशी बोलेल हे ठरवणे) आणि लन मास्किंग (कोणता लन कोणत्या होस्टला दिसेल हे ठरवणे) करून घ्यावे लागते, मग रीस्कॅन, म्हणजे होस्टला स्टोरेज पुन्हा तपासायला लावणे. सर्व होस्टवर लनचा क्रमांक एकच ठेवणे हिताचे; व्हीस्फिअरच्या जुन्या आवृत्त्यांत तो वेगळा असला की व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणे) अडत असे. त्यानंतर त्याच मोडमध्ये, त्याच कंट्रोलरच्या त्याच जागी आरडीएम जोडायचा. लन यादीत येतच नसेल, तर तो दुसऱ्या व्हीएमच्या मॅपिंगमध्ये अडकलेला आहे का ते आधी पाहावे, कारण वापरात असलेले लन व्हीसेंटर (व्हीस्फिअरचे व्यवस्थापन सॉफ्टवेअर) यादीतून गाळते.

सर्वांत नाजूक क्षण मशीन सुरू झाल्यावर येतो. विंडोज सर्व्हर सामायिक स्टोरेजवरची अनोळखी डिस्क बऱ्याचदा ऑफलाइन ठेवतो. ती नुसती ऑनलाइन करायची असते. पण डिस्क मॅनेजमेंटने 'इनिशियलाइझ' करायला सांगितले, तर रद्द करून थांबावे. जुना डेटा असलेल्या डिस्कसाठी हा प्रश्न यायलाच नको. आला म्हणजे चुकीचा लन जोडला गेला आहे, किंवा विंडोजला डिस्क नीट वाचता येत नाही. लिनक्समध्ये डिस्कचे नाव बदलून एसडीबीची एसडीसी होऊ शकते, म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टीमचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहिलेला बरा.

क्लस्टरच्या लनवर सक्रिय नोडचे, म्हणजे त्या वेळी काम करणाऱ्या सर्व्हरचे, आरक्षण असते. नवा होस्ट सुरू होताना किंवा रीस्कॅन करताना त्या प्रत्येक लनपाशी अडून राहतो. त्यासाठी लनवर 'पेरेनियली रिझर्व्ह्ड' (कायम आरक्षित) ही खूण प्रत्येक होस्टवर स्वतंत्रपणे लावावी लागते, आणि स्थलांतरात हीच पायरी हमखास विसरली जाते.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर अनेकांनी प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीकडे मोर्चा वळवला. तिथे लन डिस्कच्या बाय-आयडी मार्गाने (ओळखक्रमांकावर आधारलेल्या पत्त्याने) व्हीएमला जोडतात, त्यामुळे डेटा कॉपी करावा लागत नाही. लनवर पाहुण्या मशीनचे, म्हणजे व्हीएमचे, एलव्हीएम (लिनक्सची डिस्कचे भाग सांभाळणारी व्यवस्था) असेल तर होस्टही ते ओळखून सक्रिय करू शकतो. एकच फाइल सिस्टीम दोन ठिकाणी माउंट झाली तर ती बिघडते, म्हणून होस्टच्या एलव्हीएम फिल्टरमध्ये तो लन आधीच वगळावा.