व्यसन आणि लज्जा यांपासून मुक्ती (ख्रिस्ती परंपरा)

दारू, अफू, जुगार यांसारख्या व्यसनांत अडकलेल्या माणसाची सुटका आणि त्या व्यसनापायी त्याच्या मनात घर करून बसलेल्या लाजेचे निवारण या दोन्ही गोष्टी ख्रिस्तावरील विश्वास, पापांची कबुली, प्रार्थना व मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सदस्यसमूहाचा, सहवास यांतून घडतात, ही श्रद्धा आणि तिच्यावर उभी राहिलेली आचारपद्धती. प्रस्तुत नोंदीत या संकल्पनेची शब्दपरंपरा, तिचा इतिहास आणि इंदूर परिसरातील मराठी भाषकांत तिला आलेले रूप यांचा विचार केला आहे.

संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा मूळ रोख संकट, आपत्ती, पडझड यांकडे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात राज्याच्या अंगांवर येणाऱ्या आपत्तींनाही व्यसन असेच म्हटले असून राजाच्या वैयक्तिक दोषांचा विचार त्याच अधिकरणात येतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामातून उपजणारी दहा व क्रोधातून उपजणारी आठ अशी अठरा व्यसने सांगितली असून कामज व्यसनांपैकी मद्यपान, द्यूत, स्त्रिया व मृगया ही चार सर्वांत घातक मानली आहेत. मराठीत हा अर्थ आकसत जाऊन ‘न सुटणारी वाईट सवय’ एवढाच उरला. युरोपीय भाषांतील समानार्थी शब्दाचे मूळ लॅटिन ‘अ‍ॅडिक्टस’ या शब्दात आहे. रोमन कायद्यानुसार कर्ज न फेडल्यामुळे न्यायाधिकाऱ्याने सावकाराच्या हवाली केलेला ऋणको, असा त्याचा अर्थ होता. सुटका झाल्यावरही जुन्या सवयीने बेड्या घालून फिरणाऱ्या रोमन गुलामाची जी गोष्ट या शब्दाच्या संदर्भात अनेकदा सांगितली जाते, तिला ठोस आधार दिसत नाही. ऋणकोचा अर्थ मात्र पक्का आहे आणि पुढील विवेचनास तोच उपयोगी पडतो.

मराठी ख्रिस्ती परिभाषेत ऋणाची ही कल्पना विशेष ठळक आहे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली बंगालमधील सेरामपूर येथे मत्तयकृत शुभवर्तमान (बायबलमधील येशूचे एक चरित्र) १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार (बायबलचा दुसरा भाग) मोडी लिपीत १८११ मध्ये मराठीत छापला गेला. त्यानंतरच्या शतकभरात भाषांतरांच्या अनेक आवृत्त्यांतून जी शब्दावली स्थिरावली, तिच्यात प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमायाचना ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ अशी येते. ख्रिस्ताने स्वतःचा प्राण दिला तो ‘खंडणी’ म्हणून. होळकरांच्या राज्यात वाढलेल्या मराठी माणसाला हा शब्द वसुलीच्या बाजूने परिचयाचा होता, पण येथे खंडणी भरणारा स्वतः राजा आहे. ‘तारण’ या शब्दाचे तर दोन अर्थ आजही शेजारी शेजारी नांदतात: एक उद्धार, दुसरा कर्जापोटी ठेवलेली वस्तू. दागिना तारण ठेवून दारू पिणाऱ्या आणि पुढे ‘माझे तारण झाले’ असे सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी शब्द एकच असतो. ‘मोक्ष’ हा शब्द भाषांतरकारांनी बहुतेक ठिकाणी टाळला, कारण त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा अर्थ रुजलेला होता. ‘मुक्ती’ मात्र टिकला, आणि पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगाव येथील आपल्या संस्थेला हेच नाव दिले. मराठी ख्रिस्ती लोकांच्या मनातील ‘मुक्ती’ ही भक्तिसंप्रदायातून आली की बायबलमधील दास्यविमोचनाच्या कथांतून, याविषयी एकमत नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते. ते ध्यानात घेता दोन्ही प्रवाह एकत्र मिळाले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या संदर्भात मराठी क्रियापदांतील एक भेद फार मोलाचा आहे. ‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ ही दोन्ही वाक्ये रोजच्या बोलण्यातील आहेत. पहिल्यात कर्ता माणूस आहे आणि श्रेय त्याच्या निश्चयाचे आहे. दुसऱ्यात गाठ सुटावी तशी दारू सुटते आणि सोडवणारा वाक्याबाहेर राहतो. व्रत, नेम, शपथ यांची भाषा ‘सोडण्या’ची आहे. वारकरी माळ घालतो तेव्हा मद्य वर्ज्य होते आणि अनेक घरांत माळेनेच दारू थांबलेली आहे, हे येथे आदराने नोंदवले पाहिजे. ख्रिस्ती साक्षीची, म्हणजे स्वतःचा अनुभव सर्वांपुढे सांगण्याची, भाषा मात्र ‘सुटण्या’ची आहे. ‘पापाचा दास’ स्वतःची सुटका करू शकत नाही, पुत्र (म्हणजे ख्रिस्त) त्याला मुक्त करतो, असे योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. त्यामुळे साक्ष देणारा ‘मी सोडली’ असे म्हणायला कचरतो. कृपा आणि प्रयत्न यांविषयीचा धर्मशास्त्रातील जुना वाद मराठीत एका क्रियापदात मावतो.

लज्जेचा विचार वेगळा करावा लागतो. हेलन लुइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अपराधभाव व लज्जा यांतील भेद स्पष्ट केला: अपराधभावाचा रोख कृत्याकडे असतो, लज्जेचा स्वतःकडे, ‘मी वाईट केले’ आणि ‘मी वाईट आहे’ यांतील हे अंतर आहे. व्यसनात लाज दुहेरी काम करते. ती लपवायला लावते, आणि लपवण्यातून आलेला एकटेपणा पुन्हा पेल्याकडे नेतो. बायबलमधील लज्जेची प्रतिमा वस्त्राची आहे. आदाम व हव्वा अंजिराच्या पानांनी स्वतःला झाकतात, पण पुढे देव स्वतः त्यांना चामड्याची वस्त्रे करून घालतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत (लूक १५), वाटणीचे धन उडवून घरी परतलेल्या मुलाने घोकून आणलेली कबुली पुरी होण्याआधीच बाप उत्तम झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. दूर असतानाच त्याला पाहून म्हातारा धावत गेलेला असतो, आणि ज्या समाजात वडीलधारा पुरुष रस्त्याने धावत नाही तेथे मुलाची लाज तो स्वतःवर घेतो, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. ऋण सोडले जाते, लाज झाकली जाते. या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि केवळ पहिलीवर भर देणाऱ्या उपदेशातून दारू थांबलेला पण मान वर न करू शकणारा माणूस तयार होतो, हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित अंग आहे.

इतिहासाचा धागा चौथ्या शतकापर्यंत नेता येतो. इव्हॅग्रिअस या वाळवंटवासी तपस्व्याने मनाला ग्रासणारे आठ विचार सांगितले, त्यांत पहिला अधाशीपणाचा आहे. हे विचार वडीलधाऱ्या गुरूपुढे उघड करणे हा त्या परंपरेतील मुख्य उपाय होता. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी सवयीची साखळी कशी घडते ते सांगितले आहे: विकृत इच्छेतून वासना, वासनेच्या चाकरीतून सवय, आणि सवयीला विरोध न केल्याने अपरिहार्यता. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत त्यांच्या वाचनात आलेला बायबलमधील रोमकरांस पत्रातील उतारा मद्यपान व विषयासक्ती यांविरुद्धचा होता.

आधुनिक पद्धतीचे मूळ बहुधा ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहे. फ्रँक बुकमन (१८७८–१९६१) या लूथरन धर्मोपदेशकाने सुरू केलेल्या या चळवळीत शरणागती, कबुली, नुकसानभरपाई आणि ईश्वरी मार्गदर्शनासाठी मौन यांवर भर होता. तिच्या संपर्कात आलेले बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोघा मद्यासक्त अमेरिकनांनी ओहायोतील अ‍ॅक्रन येथे १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारूतून सुटू पाहणाऱ्यांच्या परस्परसाहाय्य संघटनेचा पाया घातला. स्थापनादिन म्हणून १० जून, म्हणजे डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस, पाळला जातो. परंतु त्यापूर्वी ते ज्या वैद्यकीय अधिवेशनास गेले होते त्याच्या तारखा पाहता तो दिवस साधारण आठवडाभर पुढचा असावा, असे काही अभ्यासक मानतात, आणि हा तर्क दुर्लक्षिण्याजोगा नाही. या संघटनेचा न्यूयॉर्कचा गट १९३७ मध्ये व अ‍ॅक्रनचा १९३९ मध्ये ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळा झाला. १९३९ मध्येच तिच्या सुधारणाक्रमाच्या बारा पायऱ्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत देवाचा उल्लेख ‘आम्हांला उमगला तसा देव’ असा सैल ठेवला गेला. या सैलपणामुळे पद्धत ख्रिस्ती राहिली की नाही यावर मतभेद आहेत. पाचव्या पायरीत देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे आपल्या चुका कबूल करायच्या असतात. तिचे बायबलमधील याकोबाच्या पत्रातील ‘एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा’ या आज्ञेशी असलेले नाते मात्र उघड आहे, आणि अ‍ॅक्रनच्या सुरुवातीच्या सभासदांत ते पत्र आवडीने वाचले जाई. भारतात या संघटनेचे काम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची स्थापना करून बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ही लष्करी धर्तीची ख्रिस्ती संघटना त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, १९ सप्टेंबर १८८२ रोजी, मुंबईत दाखल झाली होती. तिच्या ‘सैनिका’ला, म्हणजे सभासदाला, दारू न पिण्याचा लेखी करार करावा लागतो.

इंदूरचा संदर्भ प्रथम अफूचा आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई आणि तिच्या सौद्यांवर इंदूरच्या अनेक पेढ्या वाढल्या. पाहुण्याला ओंजळीतून कसुंबा, म्हणजे पाण्यात विरघळवलेली अफू, देणे हा माळवा व राजपुतान्यातील काही समाजांत सन्मानाचा भाग होता; पश्चिम भारतात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला झोपवण्यासाठी अफूची बाळगोळी देत. म्हणजे व्यसनाच्या सर्वच वस्तूंना लाज चिकटलेली नव्हती. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदूर परिसरात १८७७ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज स्थापन झाले. भरबाजारात उपदेश करण्यास होळकर दरबाराचा विरोध होता आणि हा तंटा ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत गेला. १८९३ मध्ये नेमलेल्या अफूविषयक शाही आयोगाने १८९५ च्या अहवालात अफूचे सेवन सरसकट घातक नसल्याचा निष्कर्ष काढला, तो बहुतेक मिशनऱ्यांना मान्य झाला नाही. आज परवान्याखालील अफूची लागवड मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत होते.

शहरातील ख्रिस्ती उपासना मुख्यतः हिंदीत चालते. रामबाग, लोकमान्यनगर यांसारख्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या आचाराशी संबंध येतो तो प्रायः घरगुती प्रार्थनासभेतून. अशी सभा संध्याकाळी एखाद्याच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर भरते. पेटी व ढोलकी असते, गाणी हिंदी व मराठी मिसळून होतात. साक्ष देणारा उभा राहतो आणि तपशील सांगतो: कलालीवरून (दारूच्या दुकानावरून) घरी येताना टाळायची म्हणून धरलेली मागची गल्ली, मंगळसूत्र सराफ्यात गेले तो दिवस, शाळेच्या फाटकापाशी मुलीने ओळख न दाखवता मान वळवली तो क्षण. पैशाचा हिशेब पुरुष मोकळेपणाने देतात. मुलीपाशी आले की आवाज अडतो. ऋण आणि लाज यांतील भेद येथे ऐकू येतो. पाळक (मंडळीचा धर्मोपदेशक) मध्ये बोलत नाही. प्रार्थनेच्या वेळी खांद्यावर हात ठेवला जातो, आणि ज्याला घरात कोणी जवळ बसवून घेत नव्हते त्याच्या दृष्टीने या स्पर्शाचे मोल उपदेशाहून कमी नसते. पुन्हा पिणे झाल्यास ‘घसरला’ असे म्हणतात, आणि चांगल्या मंडळीत त्याच्यासाठी सतरंजीवरची जागा राखलेली असते. प्रार्थनासभेस येणे आणि बाप्तिस्मा घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य प्रदेशात धर्मांतराचे नियमन १९६८ पासून कायद्याने होत असून सध्या २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम लागू आहे.

लज्जामुक्तीचे एक उदाहरण व्यसनाच्या कक्षेबाहेरचे असूनही इंदूरच्या संदर्भात वगळता येत नाही. कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, जी स्वतः धर्मभगिनी होती, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. सुटकेनंतर त्या कुटुंबाने त्याला आपल्यात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्यवादित (संतपदाआधीचा दर्जा) घोषित करण्यात आले. मनगटावरच्या त्या धाग्यात आणि दाखल्यातील बापाने घातलेल्या झग्यात फरक करणे कठीण आहे.

श्रद्धेने उपचारांची जागा घ्यावी, असे या परंपरेतील जबाबदार पाळक सांगत नाहीत. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप व झटके येऊ शकतात आणि ही अवस्था जिवावर बेतते. म्हणून पहिला आठवडा वैद्यकीय देखरेखीखाली जाणे आवश्यक असते. केंद्र शासनासाठी झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात असे आढळले. बारा पायऱ्यांच्या पद्धतीविषयी २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात एकूण १०,५६५ व्यक्तींचा समावेश होता, आणि सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तुलनेत सरस ठरली. हा निष्कर्ष पद्धतीपुरता आहे, श्रद्धेच्या सत्यतेविषयी नाही.

प्रभुभोजनातील, म्हणजे भाकर व प्याला वाटून घेण्याच्या ख्रिस्ती विधीतील, द्राक्षारस हा या विषयातील एक नाजूक प्रश्न आहे. अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस आंबू न देता टिकवण्याची रीत शोधली, तीच मुळी मंडळीतील प्याल्यासाठी. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आता असा न आंबवलेला रसच देतात. कॅथलिक मिस्सेमध्ये (त्याच विधीच्या उपासनेत) केवळ भाकर स्वीकारली तरी संस्कार पूर्ण मानला जातो, त्यामुळे दारूपासून सुटलेल्या माणसाला प्याला पुढे आल्यावर कारण सांगावे लागत नाही. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या धर्मगुरूला परवानगीने जवळजवळ न आंबलेला रस वापरता येतो.