पर्यावरणपूरक व्यवसायपद्धती आणि कंपनीचे मूल्य (गोवा)

निसर्गाची झीज कमीत कमी व्हावी अशा बेताने कच्चा माल, पाणी, वीज, वाहतूक आणि कचरा यांची व्यवस्था लावून धंदा चालवणे म्हणजे पर्यावरणपूरक व्यवसायपद्धती. अशा पद्धतीने कंपनीचा नफा आणि बाजारातले मूल्य वाढते की घटते, हा व्यवस्थापनशास्त्रातला जुना वाद आहे. गोव्यात खाण, शेत, नदी आणि वस्ती एकमेकांना खेटून असल्याने हा वाद पुस्तकी राहिलेला नाही.

कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढवणे एवढीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडले. उलट, नीट आखलेले पर्यावरणीय नियम कंपनीला नवे तंत्र शोधायला भाग पाडतात आणि त्यातून खर्च भरून निघू शकतो, असे व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर व क्लास व्हान डर लिंडे यांनी १९९५ मध्ये म्हटले. सुमारे २,२०० अभ्यासांचा २०१५ मध्ये जो एकत्र आढावा घेतला गेला, त्यात जवळपास नव्वद टक्के अभ्यासांत पर्यावरण, समाज व प्रशासन यांतली कामगिरी आणि आर्थिक कामगिरी यांचे नाते प्रतिकूल आढळले नाही. मात्र कार्यकारणाची दिशा यावरून ठरत नाही. ज्या कंपनीकडे आधीच पैसा खुळखुळतो, तिलाच झाडे लावणे आणि सांडपाणी शुद्ध करणे सहज परवडते.

बचतीचा मार्ग त्यातल्या त्यात सरळ आहे. आमोणे येथील कच्च्या लोखंडाच्या कारखान्यात टाकाऊ उष्णतेवर वीज तयार होते. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते. तिथे सांडपाणी शुद्ध करून बागेला आणि शौचालयांना वापरले की टँकरच्या खेपा कमी होतात. असा फायदा त्याच वर्षीच्या ताळेबंदात दिसतो.

खाणींचा हिशेब वेगळा आहे, आणि गोव्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. इथे एक टन लोहखनिज काढताना साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाहेर टाकावे लागतात. त्यांचे ढिगारे म्हणजे डंप डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत डोंगरांसारखे उभे राहिले. पावसाळ्यात डंपवरची लाल माती ओहोळांतून भातशेतात उतरते. तिचा थर सुकून कडक झाला की रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही आणि गाळ उपसल्याशिवाय पुढचे पीक घेता येत नाही. कंपन्यांच्या वह्यांत या साऱ्याची नोंद शेतकऱ्यांना दिलेली नुकसानभरपाई एवढीच, म्हणजे किरकोळ खर्च म्हणून होत असे. २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली, तेव्हा हा खर्च कोणाच्या नजरेत भरणे शक्यच नव्हते.

केंद्र सरकारने नेमलेल्या न्या. एम. बी. शहा आयोगाने गोव्यातील बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामाची वाट मोकळी केली. पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, खनिज वाहणाऱ्या बार्ज मांडवीत नांगरून पडल्या.

या घटनाक्रमातली एक बाब अभ्यासकांनी जितकी लक्षात घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही. सेसा गोवा या खाण कंपनीने साखळी येथील संपलेल्या खाणीवर झाडी उभी केली होती, आणि ते काम पाहण्यासारखे होते. तरीही २०१२ ची बंदी सरसकट होती. काळजी घेणारा आणि न घेणारा यांत तिने भेद केला नाही. नदी, रस्ता आणि पाणलोट सामायिक असले की धोकाही सामायिक असतो, आणि एकाच कंपनीची पर्यावरणीय कामगिरी मोजणाऱ्या गुणांकनात तो उतरत नाही.

लोकांची संमती हाही मूल्याचाच भाग आहे. फोंडा तालुक्यातील केरी येथे येऊ घातलेल्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटले, १९९५ मध्ये पोलिस गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि शेवटी प्रकल्प गोव्याबाहेर गेला. ती किंमत त्या तरुणाच्या घराने मोजली. कोणत्याही ताळेबंदात ती बसत नाही.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ नुसार पर्यावरणाचे रक्षण हे संचालकांचे कर्तव्य आहे. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांना सेबी या बाजार नियामक संस्थेने व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन शुल्काची, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क घेण्याची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये संक्रमणकाळाने सुरू झाली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते हे पदार्थ तिच्या कक्षेत येतात. पर्यावरणीय कामगिरीसाठी एकाच कंपनीला वेगवेगळ्या संस्था बऱ्याच वेगळ्या श्रेणी देतात, म्हणून गुंतवणूकदाराने केवळ श्रेणीवर विसंबू नये. गोव्यातल्या छोट्या कंत्राटदारांना आणि बहुतेक हॉटेलांना तर अहवालाची सक्तीच नाही.

डिसेंबर २०२२ पासून खाणपट्टे लिलावाने दिले जाऊ लागले. आता बोली लावतानाच कंपनीला नव्या पर्यावरणीय परवान्याचा, पट्ट्यातल्या घरा-देवळांचा आणि जनसुनावणीतल्या हरकतींचा विचार करावा लागतो.