क्रीडावाचक शब्द

क्रीडावाचक शब्द : इंग्रजीतील ‘स्पोर्ट’ आणि मराठीतील ‘क्रीडा’ या अर्थाने निरनिराळ्या भाषांत रूढ असलेले शब्द व त्यांची व्युत्पत्ती. कुस्ती, धावणे, पोहणे, नेमबाजी, चेंडूचे खेळ हे जगभर फार जुने आहेत. मात्र या सगळ्यांना मिळून एकच नाव असावे अशी गरज बहुतेक भाषांना एकोणिसाव्या शतकापर्यंत भासली नव्हती. क्लब, नियमावल्या आणि सामने आले तेव्हा ती भासली. कोणी इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेतला, कोणी घरचाच जुना शब्द नव्या अर्थाने पुढे आणला, तर कोणी नवा शब्द घडवला. या शब्दांच्या मुळाशी गेले, की माणसे हे सारे कशासाठी करतात याची वेगवेगळी उत्तरे सापडतात : कामातून सुटका, करमणूक, बक्षीस, शरीराची घडण, मनाचा निग्रह.

आज सर्वांत दूरवर पसरलेला ‘स्पोर्ट’ हा शब्द मुळात फ्रेंच. लॅटिनमधील ‘देपोर्तारे’ म्हणजे वाहून दूर नेणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘देपोर्ते’, ‘देस्पोर्ते’ अशी क्रियापदे आली आणि त्यांचा अर्थ मन रमवणे, कामधंद्यावरून चित्त दुसरीकडे नेणे असा झाला. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजवटीबरोबर हा शब्द इंग्लंडात पोचला. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या लेखनात तो ‘डिस्पोर्ट’ या रूपात आढळतो आणि त्याचा अर्थ साधी करमणूक एवढाच आहे. पुढच्या शतकात आरंभीचे अक्षर गळून ‘स्पोर्ट’ उरला.

या शब्दात स्पर्धा, नियम, शारीरिक श्रम यांपैकी काहीही सुरुवातीला नव्हते. थट्टामस्करी, गाणे-बजावणे, प्रेमचेष्टा हे सगळे ‘स्पोर्ट’च होते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने 1618 मध्ये रविवारी प्रार्थनेनंतर लोकांनी कोणते ‘स्पोर्ट्स’ करावेत याचा जाहीरनामा काढला. परवानगी मिळालेल्या गोष्टींत तिरंदाजी आणि उड्या मारणे यांच्या पंक्तीला नाच आणि मे महिन्यातील जत्राही होत्या. अस्वल-बैलांवर कुत्री सोडण्याच्या प्रकाराला मनाई होती. कर्मठ प्युरिटन पंथीयांना हा जाहीरनामा इतका खटकला, की पुढे 1643 मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. अठराव्या शतकात अर्थ आणखी एका दिशेला वळला. ‘स्पोर्ट्समन’ म्हणजे बंदूक, गळ आणि घोडा बाळगणारा जमीनदार. स्पोर्ट म्हणजे शिकार, मासेमारी आणि शर्यती. मैदानावरील नियमबद्ध खेळ हा अर्थ इंग्लंडमधील निवासी शाळा आणि क्लब यांनी एकोणिसाव्या शतकात रुजवला.

त्याच काळात हा शब्द परत फ्रान्सला गेला. 1828 च्या सुमारास घोड्यांच्या पैदाशीविषयीच्या एका फ्रेंच नियतकालिकात तो आढळतो, म्हणजे आपल्याच जुन्या शब्दाला फ्रेंचांनी परका पाहुणा म्हणून घरात घेतले, आणि तेही घोड्याच्या पाठीवरून. त्याच सुमारास इंग्लंडचा प्रवास करणाऱ्या प्युक्लर-मुस्काऊ या जर्मन सरदाराने ‘जंटलमन’प्रमाणेच ‘स्पोर्ट’ हाही शब्द भाषांतर होण्यासारखा नाही, असे नोंदवून ठेवले. डच, पोलिश, रशियन, हंगेरियन यांनी ‘स्पोर्ट’च घेतला. तुर्कीने शेवटचे व्यंजन सोडून ‘स्पोर’ केला. स्लोव्हेनियन भाषेत जर्मन उच्चाराच्या छापाचा ‘श्पोर्ट’ आहे. क्रोएशियात मात्र ‘स्पोर्ट’ की ‘श्पोर्ट’ यावर वाद घातले गेले, कारण शेजारच्या सर्बियन भाषेत ‘स्पोर्ट’ आहे आणि आपले वेगळेपण त्या एका अक्षरात अनेकांना दिसत होते.

लॅटिनच्या इतर लेकींची गोष्ट थोडी निराळी. स्पॅनिशमध्ये ‘देपोर्ते’ हा करमणूक या अर्थाचा मध्ययुगीन शब्द होताच. तो मागे पडला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्पोर्ट’ला पर्याय म्हणून तो पुन्हा वर आला आणि चांगला रुजला. त्याच धातूचे ‘देपोर्तार’ हे क्रियापद मात्र आज हद्दपार करणे या अर्थाने चालते. पोर्तुगालमध्ये ‘देश्पोर्तु’, तर ब्राझीलमध्ये इंग्रजीवरून घेतलेला ‘इस्पोर्ती’ : भाषा एक, शब्द दोन. इटालियनने ‘स्पोर्ट’ स्वीकारला, पण ‘दिपोर्तो’ हा जुना शब्द हौसेने चालवायच्या बोटींसाठी अजून वापरात आहे. लॅटिन मूळ भाषेत मात्र खेळाला ‘लुदुस’ म्हणत आणि त्याच शब्दाने प्राथमिक शाळेचाही बोध होई, ग्लॅडिएटरांच्या प्रशिक्षणशाळेचाही.

ग्रीकांनी इंग्रजी शब्दाकडे फारसे पाहिले नाही. ‘आथ्लोस’ म्हणजे झुंज, कष्टाचे काम. ‘आथ्लोन’ म्हणजे त्या झुंजीचे बक्षीस. पुराणकथांतील वीर हेराक्लीज याने केलेल्या बारा अचाट कामांनाही ग्रीक ‘आथ्लोस’च म्हणत. आधुनिक ग्रीकमध्ये क्रीडेला ‘आथ्लितिस्मोस’ म्हणतात आणि ऑलिंपिकला ‘ऑलिंपियाकी अगोनेस’, म्हणजे ऑलिंपियाच्या झुंजी. करमणुकीचा मागमूसही या शब्दांत नाही.

जर्मनीत शब्दावरून खरे भांडण झाले. फ्रीडरिख लुडविग यान याने 1811 मध्ये बर्लिनजवळ हाझेनहाइडे येथे खुली व्यायामभूमी सुरू केली. नेपोलियनच्या सैन्यापुढे नमलेला देश पुन्हा उभा करायचा तर तरुणांची शरीरे आधी घडली पाहिजेत, हा त्याचा हेतू. या व्यायामाला त्याने ‘टुर्नेन’ असे नाव दिले. शब्द अस्सल जर्मन आहे अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात तो लॅटिन ‘तोर्नारे’ म्हणजे वळवणे, फिरवणे यातून आलेला. ‘टुर्नेन’मध्ये शिस्त होती, राष्ट्र होते, गुणफलक आणि विक्रम यांना दुय्यम स्थान होते. शतकाअखेरीस इंग्रजी ‘स्पोर्ट’ आला तेव्हा टुर्नेनवाल्यांनी फुटबॉलला ‘इंग्लिश रोग’ म्हणून हिणवले. 1923-24 मध्ये दोन्ही बाजूंच्या संघटना अधिकृतपणे विभक्त झाल्या. आज जर्मनीत ‘स्पोर्ट’ हा सर्वसमावेशक शब्द आहे आणि ‘टुर्नेन’ जिम्नॅस्टिक्सपुरता उरला आहे. चेक लोकांच्या ‘सोकोल’ (म्हणजे ससाणा) या 1862 च्या व्यायाम चळवळीतही राष्ट्रबांधणीचाच आशय होता. मराठी वाचकाला हा सगळा इतिहास ओळखीचा वाटेल, कारण स्वातंत्र्यपूर्व काळात आपल्याकडच्या व्यायामशाळा याच भावनेने उभ्या राहिल्या.

सर्वांत मनोहर शब्द उत्तरेकडचे आहेत. स्वीडिशमध्ये ‘इद्रोत’, नॉर्वेजियनमध्ये ‘इद्रेत’, आइसलँडिकमध्ये ‘ईथ्रोत’. या भाषांची जननी असलेल्या प्राचीन नॉर्समधील मूळ शब्दाचा अर्थ अंगी असलेले कसब. त्याचे दोन घटक म्हणजे कर्तृत्व आणि बळ. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचा सरदार रोग्नवाल्ड याने बाराव्या शतकात रचलेल्या कडव्यात आपल्याला अशी नऊ कसबे येतात, असे अभिमानाने सांगितले आहे : पटावरचा खेळ, रून ही उत्तरेकडची प्राचीन लिपी, ग्रंथवाचन, लोहारकाम, बर्फावरून घसरत जाणे (स्कीइंग), तिरंदाजी, वल्हवणे, वीणावादन आणि काव्यरचना. आजच्या क्रीडाधिकाऱ्याने या यादीतली निम्मी नावे खोडली असती. पटावरचा खेळ मात्र त्यात पहिल्या स्थानी आहे. बुद्धिबळ ही क्रीडा आहे की नाही यावर विसाव्या शतकात काथ्याकूट झाला आणि 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बुद्धिबळ महासंघाला मान्यता दिली; रोग्नवाल्डच्या भाषेत हा प्रश्नच उद्भवला नसता. फिनिश भाषेचे कूळ वेगळे. तिथला ‘उर्हेइलु’ हा शब्द ‘उर्हेआ’ म्हणजे शूर यावरून आला आहे.

अरबीत क्रीडेला ‘रियादा’ म्हणतात. या धातूचा जुना अर्थ अडेल घोड्याला वठणीवर आणणे, त्याला चालीची सवय लावणे. सूफींनी तोच शब्द मनाला वळण लावण्यासाठी वापरला आणि गणिताला अरबीत ‘रियादियात’ म्हणतात, कारण ती बुद्धीची तालीम. फारसी-उर्दूत ‘द’च्या जागी ‘ज’ उच्चारला जातो. त्यामुळे हाच शब्द हिंदुस्थानी संगीतात ‘रियाज’ झाला. पहाटे तानपुरा लावून बसणारी गायिका आणि कैरोतला फुटबॉलपटू एकाच धातूच्या आश्रयाने मेहनत करतात. फारसीचा स्वतःचा शब्द ‘वर्जिश’. तो कष्ट करणे, कसणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला असून शेतकऱ्याला म्हणतात तो ‘बर्जगर’ हा शब्दही त्याच घरचा. इराणातील ‘जूरखाना’ म्हणजे ताकदीचे घर. तिथल्या पहलवानी परंपरेला युनेस्कोने 2010 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

पूर्व आशियाने शिक्षणाचा रस्ता धरला. मेजी काळात, म्हणजे जपानच्या आधुनिकीकरणाच्या पर्वात, 1870 च्या दशकात, जपानी विद्वानांनी पाश्चात्त्य शिक्षणविचाराला प्रतिशब्द शोधताना बौद्धिक, नैतिक आणि शारीरिक शिक्षण असे त्रिकूट मांडले. त्यातला तिसरा शब्द ‘ताइइकु’, म्हणजे शरीराचे शिक्षण. तीच दोन चित्राक्षरे चिनीत ‘थी-यू’ आणि कोरियनमध्ये ‘चे-युक’ म्हणून वाचली जातात. 1917 मध्ये तरुण माओने थी-यूवर निबंध लिहून दुबळ्या शरीरांचा देश दुबळाच राहतो, असे प्रतिपादन केले होते. चिनीतला दुसरा शब्द ‘यून-तुंग’, म्हणजे हालचाल. याच शब्दाने राजकीय चळवळही सांगितली जाते. जपानने अलीकडे आपल्याच शब्दाकडे पाठ फिरवली आहे. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकच्या स्मरणार्थ 1966 पासून पाळल्या जाणाऱ्या ‘ताइइकु’ दिनाचे नाव 2020 मध्ये ‘सुपोत्सु’ दिन झाले आणि 1946 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवाच्या नावातही 2024 पासून ‘सुपोत्सु’ आला. कारण उघड आहे : ‘ताइइकु’ला शाळेच्या कवायतीचा वास येतो, ‘सुपोत्सु’त आनंद आहे. इंडोनेशियनमधील ‘ओलाहरागा’ हाही शरीर घडवण्याचाच शब्द.

‘क्रीडा’ हा शब्द मात्र शुद्ध आनंदाचा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात (1.37) मरुतांच्या बेभान समूहाला ‘क्रीळं वः शर्धो मारुतम्’ असे म्हटले आहे; तिथे वाऱ्यांचे बागडणे अभिप्रेत आहे आणि शब्दात ‘ळ’ आहे, जो संस्कृतने पुढे सोडला व मराठीने जपला. नंतरच्या वाङ्मयात जलक्रीडा, रासक्रीडा, देवांची लीला असेच अर्थ येतात. पालीत त्याचे ‘कीळा’ झाले आणि बौद्ध धर्माबरोबर शब्द पूर्वेकडे गेला. थाई आणि लाओ भाषांत क्रीडेला आजही ‘कीला’ म्हणतात. थाईने पालीबरोबर संस्कृत रूपही ठेवले : ‘कीला’ म्हणजे सर्व क्रीडा, ‘क्रीथा’ म्हणजे फक्त मैदानी शर्यती. सिंहली, तेलुगू, कन्नड, बंगाली यांतही हा शब्द आहेच. मल्याळमने ‘काया’वरून ‘कायिकम्’ घडवला, तमिळने ‘विळैयाट्टु’ हा आपला शब्द राखला. नेपाळी ‘खेलकुद’, गुजराती ‘रमतगमत’, बंगाली ‘खेलाधुला’ हे जोडशब्द ऐकताच अंगणातली मुले दिसतात.

मराठीत कामाची वाटणी झालेली आहे. ‘क्रीडा’ शासनाची, वर्तमानपत्राच्या पानाची आणि पुरस्कारांची, ‘खेळ’ सगळ्यांचा. ‘खेळ’चा पसारा मोठा आहे. कोकणातले नमन-खेळे, दशावताराचा खेळ, गोव्यात सासष्टीतील कार्निव्हलचा खेळ, थिएटरातला दुपारचा खेळ हे सगळे त्यात मावतात. स्वाहिलीतील ‘मिचेझो’ या शब्दातही मैदान आणि रंगमंच असेच एकत्र नांदतात. तुकोबांनी ‘खेळ मांडियेला वाळवंटी घाई’ म्हणताना भक्तीलाही त्यात ओढले; त्यांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी यांवर स्वतंत्र अभंग आहेत.

मेहनतीचे शब्द मात्र मराठीने फारसी-अरबीतून घेतले. कसरत, तालीम, पैलवान, वस्ताद, शर्यत ही सगळी तिकडची. ‘तालीम’ म्हणजे मुळात शिकवणे. कोल्हापुरात तो वास्तूचाच शब्द झाला. ‘आखाडा’ संस्कृत ‘अक्षवाट’चा वंशज आणि ‘पैज’ ‘प्रतिज्ञे’ची. ‘जिमखाना’ हा तर देशी-विलायती संकर : ‘गेंदखाना’ या हिंदुस्थानी शब्दावर जिम्नॅस्टिक्सचा संस्कार होऊन तो घडला असावा, असे मानतात. पुण्यात 1906 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यामुळे तो पेठेपेठेत पोचला. ब्रिटनमध्ये गेल्यावर याच शब्दाला घोडेस्वारीच्या गमतीदार स्पर्धा असा अर्थ आला.

परका खेळ आपल्या शब्दांत कसा बसवावा याचा उत्तम नमुना मराठी क्रिकेटच्या परिभाषेत आहे. फलंदाज त्रिफळाचीत होतो, यष्टिचीत होतो, पायचीत होतो, धावचीत होतो. हा ‘चीत’ थेट लाल मातीतला. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकली की कुस्ती चीतपट. पायाला चेंडू लागून परतणाऱ्या फलंदाजालाही मराठीने तोच निकाल दिला. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी ही भाषा घरोघरी पोचवली. झेल टिपला गेला तर मात्र तो ‘झेलबाद’. तिथे ‘चीत’ लागत नाही.